लेकनेस ते बोडो, पंचवीस मिनिटं

लेकनेस ते बोडो हे अंतर किती, असं मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. हवेतून शंभर किलोमीटरच्या जरा पुढे. विमानाला लागणारा वेळ एका वेबसाइटवर पंचवीस मिनिटं आहे, दुसरीवर चाळीस, आणि तिसरीने उड्डाण आणि उतरणं यांच्यासाठी आपल्या मनाने अर्धा तास जोडून दोघींवर ताण केली आहे. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. त्यामुळे एका साध्या प्रश्नाला तीन उत्तरं दिसली की माझं डोकं फिरतं. त्या पानांवर खाली असंही लिहिलेलं असतं की दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत फरक नाही, आणि निघण्यापूर्वी हवामान पाहून कपडे घ्यावेत. वारा सुटला तर काय करावं, हे कुणीच लिहिलेलं नसतं.

ही दोन्ही गावं नॉर्वेच्या उत्तरेला आहेत, आणि मी राहते नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. त्यातलं एकही गाव मी पाहिलेलं नाही. लेकनेस एका बेटावर आहे आणि तिथे माझी धाकटी बहीण राहते. माशांच्या रोगांवर शिकायला म्हणून गेली आणि तिथलीच झाली. मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या एका नॉर्वेजियन माणसाशी तिने लग्न केलं. तो इतका कमी बोलतो की आमच्या वडिलांना पहिल्या भेटीतच आवडला. त्यांच्याकडे एक कुत्रा आहे. घरात बोलण्याचं काम मुख्यतः तोच करतो.

गेल्या हिवाळ्यात तिला दिवस गेलेले होते आणि तिचं बीपी चढायला लागलं. बेटावरच्या छोट्या हॉस्पिटलात सुइणी आहेत, साधी बाळंतपणं तिथे होतात, पण हे बाळंतपण साधं नाही असं डॉक्टरने ठरवलं. पलीकडे बोडोला मोठं हॉस्पिटल आहे. तारखेच्या आधी काही दिवस तिथे येऊन राहा, असं तिला सांगितलं. मधे सगळा उघडा समुद्र. बोट चालते, पण थंडीतल्या त्या लाटांवर दिवस भरत आलेल्या बाईला कोण बसवणार? म्हणून विमान. पंख्यांचं, छोटंसं. डोंगरांच्या कुशीत आखूड धावपट्टी. वारा फिरला की विमान वर येतं, घिरट्या घालतं आणि दार बंद दिसलेल्या पाहुण्यासारखं परत जातं. बहिणीने हे मला पूर्वी कधीतरी हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मीही हसले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. आई गेल्यापासून बहिणीचं माहेर म्हणजे मी. तिने तसं कधी म्हटलं नाही, मीही नाही, पण तिच्या घरची कुठलीही बातमी पहिल्यांदा माझ्याकडे येते आणि तिच्यावर ओरडायचा हक्क जगात मला एकटीलाच आहे. म्हणून बीपी चढायच्या आधीच, तिने कॅरीला यायचं असं ठरलं होतं. ती अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला गेली. खिडकीपलीकडच्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि नाही म्हणाला. ते सगळं इतक्या लवकर आटपलं की तिला कोट काढायलाही वेळ मिळाला नाही.

मग मी जायचं ठरलं. नॉर्वेचा व्हिसा मला मिळाला, ऑफिसने रजा दिली. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी डिंकाचे लाडू करून आणून दिले. अळीव, बाळंतशोपा, सुती लंगोट सगळं जमा झालं. आणि मग कंपनीच्या वकिलाचा फोन आला. माझ्या पासपोर्टवरच्या अमेरिकेच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत केव्हाच संपली आहे. मी इथे आहे तोवर त्याने काही बिघडत नाही, कामाची परवानगी वेगळी असते. पण एकदा बाहेर पडले की परत येण्यासाठी नवा शिक्का लागणार, त्यासाठी भारतात मुलाखत लागणार, आणि त्या मुलाखती सध्या पुढे पुढे ढकलल्या जात आहेत. लोक आईवडिलांना भेटायला म्हणून जातात आणि महिनोन्महिने तिथेच अडकून बसतात. इकडे नोकरी जाते. वकील म्हणाला, इमर्जन्सी असेल तरच जा. मी विचारलं, "कुणाची इमर्जन्सी?"

"तुमची," तो म्हणाला.

माझ्या व्हिसावर माझ्या नवऱ्याचं काम अवलंबून आहे, कामावर घर, आणि घरावर मुलाची शाळा. हे सगळं एका शिक्क्याला टांगलेलं आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माणूस रोज उठून खुंटीकडे बघत नाही. नवरा म्हणाला, "तू ठरवशील ते." तो नेहमी असंच म्हणतो, आणि अशा सुरात म्हणतो की ठरवणारा आधीच चुकलेला असतो. मुलाने जेवताना मान वर न करता विचारलं, "सो इफ दे डोन्ट लेट यू बॅक, डू वी मूव्ह टू इंडिया?" मी त्याला म्हटलं, भाजी संपव.

तेव्हापासून मला तो नाद लागला. कॅरी ते नॉर्वे किती लांब, हे मी एकदाही पाहिलं नाही. ते पाहून माझ्या हातात काही येणार नव्हतं. पण लेकनेस ते बोडो मात्र मी दिवसातून कितीतरी वेळा पाहायची. इथे कुणी अंतर मैलांत सांगत नाही, मिनिटांत सांगतं. माझं ऑफिस पंचवीस मिनिटांवर आहे. सकाळी गाडी काढायची, रेडिओ लावायचा, दोन सिग्नलला उभं राहायचं आणि पोचायचं. मी रोज ऑफिसला पोचले की मनात म्हणायची, एवढंच तर आहे. ती पोचली. आणि पार्किंगमध्ये तशीच बसून राहायची, कारण मला माहीत होतं की माझ्या वाटेवर समुद्र नव्हता.

डोहाळजेवण मात्र मी सोडलं नाही. एका शनिवारी आमच्या हॉलमध्ये खुर्चीला फुलं लावली, हिरवी साडी पाठीवर टाकली आणि खुर्चीत फोन उभा केला. फोनमध्ये माझी बहीण, लोकरीची टोपी घालून, गालाचे पार फुगे झालेले. मी फोनची ओटी भरली. काकूंनी फोनला ओवाळलं आणि मला हळूच विचारलं, "नॉर्वे म्हणजे स्वीडनमध्येच ना गं?" मग दोन वाट्या पालथ्या ठेवल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बहीण म्हणाली, "डावी." पण तिची डावी की आमची डावी, यावर घरात अशी चर्चा पेटली की तिकडे ती हसून हसून पोट धरून बसली, आणि मला एकदम भीती वाटली की हिला एवढं हसू देऊ नये. शेवटी दोन्ही वाट्या उचलल्या. पेढा आणि बर्फी माझ्या मुलाने खाल्ली.

सगळ्या बायका गेल्यावर मी खुर्चीवरची साडी घडी करत होते आणि फोन अजून चालूच होता. बहीण म्हणाली, "ताई, तू येशील ना गं?" मी म्हटलं, "येणार म्हणजे येणार." वकिलाचं मी तिला काही सांगितलेलं नव्हतं.

आमच्या घरात दूर असलेल्या माणसाला वाईट सांगत नाहीत. याला आम्ही माया समजतो. आई शेवटची आजारी पडली तेव्हा वडील मला फोनवर म्हणत होते, थोडा ताप आहे, उतरेल. बहिणीलाही तेच सांगत होते. त्या वेळी आई अतिदक्षता विभागात होती. आम्हाला कळलं तेव्हा फक्त विमानात बसून रडणं उरलं होतं. दहाव्याच्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो आणि बहीण म्हणाली, "आपण दोघींनी एकमेकींशी असं करायचं नाही. काहीही असो, खरं सांगायचं." मी हो म्हटलं. आणि आता मी खोटं बोलत नव्हते, नुसतं सांगत नव्हते. वडीलही तेच म्हणाले असते.

तिला सांगितलं ते माझ्या नवऱ्याने. माझ्या पाठीमागे फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी मला म्हणाला, "तिला कळायला हवं होतं." मी त्याच्याशी भांडले नाही. मी भांडी घासली, एरवी डिशवॉशर घासतो ती सगळी, हाताने, मोठ्याने आवाज करत. तो बरोबर होता म्हणून जास्त राग आला. त्याने ते माझ्यासाठी केलं की घरासाठी, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन. "ताई, तू येऊ नकोस."

"मला शिकवू नकोस."

"अगं ऐक ना. मी बुधवारी बोडोला जातेय. एकदा तिथे पोचले की हॉस्पिटल समोरच आहे. डॉक्टर्स आहेत, सगळं आहे. तू येऊन काय करणार? लाडू भरवणार?"

"हो, लाडूच भरवणार."

"आणि मग तुला अमेरिकेत परत जाता नाही आलं तर? माझ्यामुळे तुझं घर उलटंपालटं झालं तर मी काय करू, ते सांग."

मी आवाज चढवला. बरंच काही बोलले. ती ऐकून घेत होती, लहानपणीही अशीच ऐकून घ्यायची आणि शेवटी स्वतःचंच करायची. माझं तिकीट गुरुवारचं होतं. अखेर मीच म्हणाले, "तू बुधवारी बोडोला नीट पोचलीस तर मी तिकीट कॅन्सल करीन. नाही पोचलीस तर मी निघाले. मग मला कुणी अडवायचं नाही."

"डन," ती म्हणाली.

बुधवारी तिचं विमान तिथल्या दुपारी होतं, म्हणजे आमची सकाळ. मी ऑफिसात लवकर जाऊन बसले. जगातली उडणारी सगळी विमानं नकाशावर दाखवणारं एक पान असतं, बहिणीनेच मला कधीतरी दाखवलेलं, ते एका स्क्रीनवर उघडून ठेवलं आणि दुसऱ्यावर काम. खाली अटलांटिकवर विमानांची नुसती रांग लागलेली. वर त्या दोन गावांमधल्या पाण्यावर काहीच नव्हतं. मग बोडोहून एक छोटं पिवळं विमान निघालं. मी चहाचा कप खाली ठेवला. ते पाण्यावर आलं, निम्म्याच्या पुढे गेलं, बेटाजवळ एक चक्कर घेतली, आणखी एक घेतली. आणि वळून आलं तसं परत गेलं. परत जातानाही ते त्याच वेगाने जात होतं, त्याला काही घाई नव्हती. मला त्या विमानाचा इतका संताप आला की वाटलं स्क्रीनमध्ये हात घालून त्याला धरून मागे ओढावं.

त्यानंतर तिथे काही उडालं नाही. मी मीटिंगमध्ये बसले, माझी पाळी आली तेव्हा काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगितलं. परत जागेवर आले. पाणी रिकामं. जेवणाची वेळ झाली, कुणीतरी मला विचारून गेलं. पाणी रिकामंच. मी मनातल्या मनात बॅगेत काय काय राहिलंय ते आठवू लागले. आता जायचंच, असं ठरून गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटत होतं. मुलाला काय सांगायचं तेवढंच सुचत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज.

"ताई, पोचले."

मी स्क्रीनकडे पाहत होते.

"कधी?"

"आत्ताच. रूमवर आले. मस्त झाली फ्लाइट, अगं. जरा हललं मधे, पण पंचवीस मिनिटांत आलोसुद्धा. खाली समुद्र इतका हिरवा दिसत होता, आणि माझ्या शेजारच्या आजीबाई सगळा वेळ झोपल्या होत्या. उतरताना त्यांना मी उठवलं."

माझी बहीण खोटं बोलते तेव्हा जास्त सांगते. लहानपणापासूनची खोड आहे. खरं सांगताना ती दोन शब्दांत आटपते, आणि खोट्यात आजीबाई येतात.

तिच्या मागे वारा घोंगावत होता. आणि कुत्रा भुंकला. त्यांचाच कुत्रा, तो मी व्हिडिओवर शंभर वेळा ऐकलेला आहे.

"कुणाचा तरी डॉग आहे बाहेर," ती घाईघाईने म्हणाली.

तिचा श्वास मला ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. माझ्या जिभेवर होतं, अगं, खोटं कशाला बोलतेस, तू घरीच आहेस. एवढं एक वाक्य. ते म्हटलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी निघावं लागलं असतं, आणि तिने आत्ता जे उचललं होतं ते तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं झालं असतं. वादळात, वाढलेल्या बीपीत, स्वयंपाकघरात उभी राहून माझी बहीण माझं घर वाचवत होती. मला तिचा राग यायला हवा होता. मला रडू येत होतं आणि ऑफिसात मी रडत नाही.

"बरं झालं," मी म्हणाले. "जेवलीस का?"

"हो."

"पाय वर करून पड आता."

"पडते. ताई, तिकीट?"

"करते कॅन्सल."

"आत्ता कर. मी फोनवर थांबते."

ती खरोखर थांबली. मी एअरलाइनचं पान उघडलं. पुन्हा पुन्हा विचारत होतं, नक्की ना, नक्की ना. तिकडे वाऱ्याने कुठलंतरी दार आपटलं आणि तिने ते पटकन जाऊन लावलं, मला पावलं ऐकू आली. मी शेवटचं बटण दाबलं.

"झालं," मी म्हणाले.

"नक्की?"

"झालं गं बाई."

"थँक्यू, ताई," ती म्हणाली, आणि फोन ठेवण्याआधी तिचा आवाज मोडला.

मी नकाशा बंद केला. त्या संध्याकाळी पुन्हा उघडला नाही, रात्रीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. उघडला असता तर वारा कधी पडला, विमान कधी सुटलं, की हॉस्पिटलचं हेलिकॉप्टर आलं, सगळं कळलं असतं. मला जाणून घ्यायचं नव्हतं. शुक्रवारी तिने एका खिडकीचा फोटो पाठवला. खाली पार्किंग, बर्फ, आणि लांबवर बंदर. तो बेटावरचा नव्हता, एवढं मला दिसलं. मी तो फोटो पाहून ऑफिसच्या बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो स्वतःहून फोन करतो म्हटल्यावर मी आधी खुर्चीत बसले, मग फोन उचलला. तो म्हणाला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मग म्हणाला की ती रात्र वाईट गेली, बीपी खूप वर गेलं होतं, पण आता सगळं ठीक आहे. एवढं बोलल्यावर त्याची शब्दांची पुंजी संपली. तो साधा माणूस आहे, विचारलं असतं तर त्याने त्या बुधवारचं सगळं खरं सांगितलं असतं. म्हणून मी त्याला काही विचारलं नाही.

लाडू मी पार्सलने पाठवले, ते तिथल्या कस्टम्सने अडवले आणि परत आले. घरी आम्ही तिघांनी ते संपवले. कुणी बाळंत नसताना डिंकाचे लाडू खाण्यात काही अर्थ नसतो, पण टाकवले नाहीत. माझ्या शिक्क्याचं अजून काही झालेलं नाही. वकील म्हणतो, थांबा. भाची आता रांगते. फोनमध्ये मला पाहिलं की स्क्रीन चाटायला येते.

परवा बहीण तिला मांडीवर घेऊन मला तोच प्रवास पुन्हा सांगत होती. ही पोटात होती ना, तर त्या विमानात अजिबात हलली नाही, पंचवीस मिनिटं शहाण्यासारखी बसून होती. हिरवा समुद्र आला, झोपलेल्या आजीबाई आल्या. आता त्यांना निळा स्कार्फही होता. मी म्हटलं, हो का, मग? भाची आपल्या आईचं तोंड बोटांनी उघडून आत बघत होती.

मुलीचे केस नीट करत, माझ्याकडे न बघता बहिणीने विचारलं, "ताई, तू अजून बघतेस का गं, तो विमानांचा मॅप?"

"नाही," मी म्हणाले. "त्या दिवसापासून नाही."

कुठल्या दिवसापासून, हे तिने विचारलं नाही.